कॉन्व्हेंटमध्ये घातलं म्हणजे झालं का? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

अॅडमिशनचे दिवस जवळ आले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये निम्मी तरी शाळेबद्दलची असतात, आणि यंदा गंमत म्हणजे आईबाबांपेक्षा आजीआजोबांनीच जास्त लिहिलंय. त्यातली चार पत्रं घेतलीयेत. गावं ठेवली, नावं काढली.

प्रश्न (वेंगुर्ल्याजवळून, एक आजी): ताई, माझा मुलगा आणि सून कुवेतला असतात, नात माझ्याजवळ, यंदा पहिलीत जाईल. मुलगा म्हणतो तिला सिस्टरांच्या इंग्लिश मीडियम शाळेतच घाल, ख्रिस्ती वळण लागेल. शाळा लांब आहे, व्हॅन सकाळी पावणेसातला येते आणि पोर दुपारी दोनला घरी. आमच्या घराजवळ जिल्हा परिषदेची मराठी शाळा आहे, बाई खूप मायेने शिकवतात. मला जवळची बरी वाटते, पण तिथे येशूचं नाव कोण काढणार? तिकडे घातली तर मला पाप लागेल का?

उत्तर: आजी, आधी ते पापाचं मनातून काढून टाका. चर्चचा कायदा असं सांगतो की आईबापांनी शक्य असेल तर मुलांना अशा शाळेत घालावं जिथे कॅथलिक शिक्षण मिळतं, आणि ते जमत नसेल तर शाळेच्या बाहेर त्या शिक्षणाची सोय करायची जबाबदारी त्यांची. म्हणजे जमत नसेल ही गोष्ट चर्चने स्वतःच धरलेली आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं त्यातही हेच आहे, मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईबाप, शाळा त्यांच्या मदतीला. तुमच्या घरात सध्या आईबापाच्या जागी तुम्ही आहात, त्यामुळे हे काम तुमच्याकडे आलंय, आणि तुमचं पत्र वाचून मला तरी वाटतं की ते योग्य माणसाकडे आलंय.

आता शाळेत नेमकं काय मिळतं ते बघू, कारण लांब राहणाऱ्या आईबापांच्या डोळ्यासमोर कॉन्व्हेंट म्हटलं की एक वेगळंच चित्र असतं. सिस्टरांच्या शाळेत सकाळची प्रार्थना असते, वेळापत्रकात ख्रिस्ती मुलांना कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास असतो आणि त्याच वेळी बाकीची मुलं मॉरल सायन्सला बसतात, नाताळचं गोठ्याचं देखावा-नाटक असतं, आणि कुणी सिस्टर मनापासून मुलांत रमणारी असली तर तिचा ठसा जन्मभर राहतो हे मी स्वतः शिक्षिका म्हणून पाहिलंय. पण उरलेला सगळा दिवस गणित, भाषा, परिसर अभ्यास, जसा इतर शाळांत तसाच. पोरीला क्रूसाची खूण करायला, जेवणाआधी प्रार्थना म्हणायला, रात्री रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) निदान दहा मण्यांपुरतं तरी बसायला कोण शिकवणार? ते तुम्हीच शिकवणार, शाळा कुठलीही असो.

बायबलमध्ये संत पौलाने आपला तरुण सहकारी तिमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पहिल्याच अध्यायात तो तिमथ्याच्या विश्वासाची आठवण काढतो आणि म्हणतो की हा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्यात होता. शास्त्रात आजीचं नाव घेऊन केलेला हा उल्लेख मला फार जवळचा वाटतो. बापाचा उल्लेख तिथे नाही, तो ग्रीक होता एवढं बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कळतं. तेव्हा दोन बायकांनी घरात जे दिलं ते पुरलं.

आणि सहा वर्षांचं पोर आहे हो. जून-जुलैमध्ये आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला मी काय सांगू, रस्त्यावर झाड पडलं, ओढ्याला पाणी आलं की व्हॅन कुठे अडकेल सांगता येत नाही. पहाटे अर्धवट झोपेत उठवून, दूध ढकलून, दुपारी दमून आलेलं मूल संध्याकाळी प्रार्थनेला बसेल का? मला तर वाटतं जवळच्या शाळेत घातलीत तर तुमच्या हातात रोजचा जास्त वेळ येतो आणि धर्मशिक्षणासाठी तो वेळ सोन्यासारखा आहे. पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असा नियमच आहे, तो लहान मुलांचा विचार करूनच केलेला आहे.

भाषेचंही बघा. तुमच्या चर्चमध्ये मिस्सा (मुख्य उपासना) कोकणी-मराठीतच होत असणार, तुम्ही प्रार्थना त्याच भाषेत म्हणता, पोरीला त्या भाषेत वाचता आलं तर चार वर्षांनी रविवारचं वाचन ती तुम्हाला वाचून दाखवेल. इंग्रजीची काळजी मुलाला असेल तर त्याला सांगा की पाचवीला बदलता येतं, आणि गावाकडच्या मुलींना पाचवीपासून एसटीचा पास फुकट मिळतो, तोवर पोर जरा मोठी आणि धीट झालेली असेल.

पण एक गोष्ट करायलाच पाहिजे. फादरांना जाऊन भेटा आणि धर्मग्रामातल्या (आपल्या चर्चच्या हद्दीतल्या) रविवारच्या कॅटेकिझमला तिचं नाव आताच घाला. प्रथम कम्युनियन (मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं) साधारण तिसरी-चौथीत होतं, त्याची तयारी तिथेच होते, शाळा कुठली हे तिथे कुणी विचारत नाही. दर रविवारी न चुकता. पाहुणे आले, लग्न आहे, आंबे काढायचेत, तरीसुद्धा.

आणि मुलाला फोन करून हे सगळं शांतपणे सांगा, माझं पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल. शेवटचा शब्द त्याचा आणि सुनेचा आहे. त्यांनी ऐकूनही सिस्टरांचीच शाळा म्हटली तर मनापासून तिथे घाला, व्हॅनवाल्याची नीट चौकशी करा, आणि घरचं जे सांगितलं ते तसंच चालू ठेवा.

प्रश्न (वसईहून, एक आई): मी कॅथलिक, नवरा हिंदू. लग्न चर्चमध्ये परवानगी घेऊन झालं, मुलाचा बाप्तिस्माही झालाय आणि नवऱ्याची कशालाच आडकाठी नसते. आता सासरे म्हणतात आमच्या ओळखीच्या संस्थेची शाळा आहे तिथे घाला, माझे बाबा म्हणतात चर्चचीच शाळा, नाहीतर तू लग्नात दिलेला शब्द मोडलास असं होईल. दोन्ही घरं माझ्याशी धड बोलत नाहीयेत. शब्द नेमका काय होता हेच मला आता कळेनासं झालंय.

उत्तर: शब्द असा होता की मुलांचा बाप्तिस्मा आणि कॅथलिक वाढ यासाठी तू तुझ्या शक्तीप्रमाणे सगळं करशील. तो शब्द तू दिलास, नवऱ्याला फक्त त्याची कल्पना देतात, त्याच्याकडून वचन घेत नाहीत, १९७० पासून ही पद्धत आहे. त्यात शाळेचं नाव कुठेही नाही. त्यामुळे बाबांना प्रेमाने पण स्पष्ट सांग की संस्थेच्या शाळेत घातलं म्हणून शब्द मोडत नाही, आणि चर्चच्या शाळेत घालून रविवारी मिस्सा चुकवली तर मात्र तो नक्की मोडतो.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मुलाला आता कळायला लागलंय की आपल्यावरून दोन आजोबा भांडतायत. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात देव म्हणजे घरात अबोला आणणारी गोष्ट असं एकदा बसलं ना, की कुठलीही शाळा ते काढू शकत नाही. म्हणून नवऱ्याला घेऊन तुम्ही दोघांनीच दोन्ही शाळा बघून या, आजोबा कुणीच बरोबर नकोत. वर्गात किती मुलं आहेत, शिक्षक टिकतात का की दर वर्षी नवे, मुलांवर ओरडतात कसे, संडास स्वच्छ आहे का, मराठी कशी शिकवतात (महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्याच शाळांत सक्तीची आहे, पण नावापुरती शिकवणं आणि खरं शिकवणं यात फरक असतो). हे सगळं बघून दोन्ही साधारण सारख्या वाटल्या तर मी चर्चची शाळा घे म्हणेन, कारण तुझ्या परिस्थितीत घरात ख्रिस्ती माणूस तू एकटी आहेस आणि मुलाला बरोबरीने प्रार्थना म्हणणारी, कम्युनियनच्या तयारीला जाणारी मित्रमंडळी मिळणं ही मोठी मदत आहे. वसईत ती सहज मिळते, इथे १६ व्या शतकापासूनचा ख्रिस्ती समाज आहे, आजूबाजूला सण, गाणी, बोली सगळं जिवंत आहे. हेच तू ख्रिस्ती कुटुंबं कमी असलेल्या एखाद्या गावात असतीस तर मित्रांचा हा मुद्दा मी आणखी जोरात मांडला असता. पण चर्चची शाळा उघड उघड कमी पडत असेल तर फक्त नावासाठी घालू नकोस.

आणि सासऱ्यांना तोडू नकोस. नातवाला गणपतीला आजोबांच्या मांडीवर बसू दे, आरती ऐकू दे, मग घरी आल्यावर तू त्याच्या प्रश्नांना खरी उत्तरं दे, की आपण काय मानतो आणि आजोबा काय मानतात. फादरांशीही याबद्दल मोकळेपणी बोल, अशी घरं त्यांनी खूप पाहिलेली असतात.

प्रश्न (दापोलीकडून, एक आई): आम्ही हिंदू आहोत. गावाजवळ मिशनऱ्यांची शाळा चांगली आहे म्हणून मुलीला घालायचंय पण आजेसासूबाई म्हणतात पोरीला बाटवतील. खरंच प्रार्थना सक्तीची असते का?

उत्तर: सक्ती करता येत नाही. राज्यघटनेच्या २८ व्या कलमात सरळ लिहिलंय की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येणार नाही, आणि मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. भारतातल्या कॅथलिक बिशपांनीही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सांगितलंय की इतर धर्माच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका. तुम्ही प्रवेश घेतानाच मुख्याध्यापकांना विचारा की सकाळच्या प्रार्थनेत काय म्हणतात आणि आमच्या मुलीला कुठल्या तासाला बसवाल, चांगली शाळा असेल तर असल्या प्रश्नाचा राग कुणाला येत नाही.

आजेसासूबाईंना तुमच्याच भागातली गोष्ट सांगा. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोट-हर्णैला आले आणि त्यांनी शाळा काढल्या, पुढे दापोलीला दुसऱ्या एका मिशनचं हायस्कूल झालं. त्या दापोलीच्या मिशन शाळेत पांडुरंग वामन काणे शिकले, ज्यांनी पुढे आयुष्यभर हिंदू धर्मशास्त्रावर काम केलं आणि ज्यांना १९६३ ला भारतरत्न मिळालं. पालगडचे साने गुरुजीही तिथेच शिकायला होते. दोघांपैकी कुणाचा धर्म गेला नाही. आजींची भीती मी हसण्यावारी नेत नाहीये, धर्म ही माणसाची जिवाभावाची गोष्ट असते आणि पणतीसाठी त्या घाबरल्या तर त्यात चूक काहीच नाही, पण घरात संध्याकाळी देवापाशी दिवा लावून पोरीला शेजारी बसवायचं काम त्यांचंच आहे आणि ते शाळा कधी काढून घेणार नाही. माझ्या ख्रिस्ती वाचकांना मी हेच सांगते.

प्रश्न (अलिबागकडून, एक आजोबा): नातवाची फी मी भरायला तयार आहे, अट एकच की शाळा ख्रिस्ती हवी. मुलगा म्हणतो सीबीएसईची दुसरी शाळा बघितलीय. पैसे माझे तर निवड माझी नको का? शिवाय आम्ही ख्रिस्ती, तर अल्पसंख्याक शाळेत अॅडमिशन मिळेलच ना? एका शाळेने तर डोनेशनचा आकडाच सांगितला.

उत्तर: काका, निवड तुमची नाही. मला माहितीये हे वाचायला बरं वाटणार नाही. पण पैशाला अट बांधली की मुलगा एकतर पैसे घेऊन मनात धरेल किंवा पैसे न घेता दूर जाईल, दोन्हीमध्ये नातू तुमच्यापासून लांब जातो आणि तुम्हाला त्याला जे द्यायचंय ते द्यायची संधीच राहत नाही. फी बिनशर्त द्या आणि मुलाकडे एकच गोष्ट मागा की रविवारी नातवाला मी चर्चला नेणार. बहुतेक मुलं याला नाही म्हणत नाहीत.

अॅडमिशनचं असं आहे की घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय, तो हक्क त्या समाजाचा आणि संस्थेचा. तुमच्या नातवासाठी एक जागा बाजूला काढून ठेवलीच पाहिजे असा त्याचा अर्थ होत नाही. अशा शाळा आपल्या समाजाच्या मुलांना प्राधान्य देऊ शकतात आणि बऱ्याच देतातही, म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला आणि धर्मग्रामाच्या फादरांचं पत्र आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको. आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याची) २५ टक्क्यांची ऑनलाइन लॉटरी मात्र या शाळांना लागू नाही, २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून, त्यामुळे तिथे फॉर्म भरून वाट बघत बसू नका.

डोनेशनबद्दल सांगते, महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला (प्रवेशासाठी नेहमीच्या फीवर घेतलेल्या पैशाला) बंदी घालणारा कायदा १९८७ पासून आहे आणि अल्पसंख्याक शाळांनीही असे पैसे घेऊ नयेत असं सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं आहे. त्यामुळे मागितलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा, पावती देत नसतील तर देऊ नका, आणि शाळा धर्मप्रांताची (बिशपांच्या अखत्यारीतली) असेल तर बिशप हाऊसला लेखी कळवा, ती तक्रार करण्यात काही कमीपणा नाही, उलट आपल्या शाळा स्वच्छ राहाव्यात ही आपलीच जबाबदारी आहे.

अजून एक, फीच्या पैशाचं. जुन्या टॅक्स रिजीममध्ये ट्यूशन फीची सूट मिळते ती स्वतःच्या दोन मुलांपुरतीच, आजोबांनी नातवाची फी भरली तर आजोबांना ती मिळत नाही. म्हणून रक्कम मुलाला द्या आणि फी त्याच्या खात्यातून जाऊ दे, बापाने मुलाला दिलेल्या पैशावर टॅक्स लागत नाही. आणि तुमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर नातवाच्या फीतून वर्षाकाठी जे काही उरेल त्यातलं थोडं तिथे द्या, फी भरता न येणाऱ्या घरांना ते लोक मदत करतात, आणि पैसे द्यायला जाताना नातवालाच बरोबर घेऊन जा.