जळगाव ते पुणे: विमानाने अंतर किती, वेळ किती?

जळगाव विमानतळ (कुसुंबा) ते पुण्याचं लोहगाव सरळ रेषेत साधारण 320 किमी. रस्त्याने हेच अंतर 400 च्या आसपास जातं.

अशा टप्प्यावर बहुतेक एटीआर 72 हे पंख्यांचं छोटं विमान असतं, वेग ताशी 500 किमीच्या जवळपास. नुसता भागाकार केला तर 40 मिनिटंही होत नाहीत, पण तिकिटावर तासाभराहून जास्त दिसेल. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत जाणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ, तिथे कधीकधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

चेक-इन काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं. भुसावळ-चोपड्याकडून येणाऱ्यांनी दोन तास हाताशी ठेवूनच निघावं. उड्डाणं रोज असतीलच असं नाही, वार आधी बघा.