‘पण ती उलट्या करत नाही!’

“मॅडम, बाथरूमच्या दाराला कान लावून उभी राहिलेय मी. ती उलट्या करत नाही. मग हा खाण्याचा आजार कसा?” गंगापूर रोडवरून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या आईचा हा प्रश्न. बरेच पालक हेच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगी 19 वर्षांची, वजन चारचौघींसारखं. रविवारी घरच्यांबरोबर मिसळ, वर पाव जास्तच. रात्री मात्र एकटीने डबेच्या डबे रिकामे करायची. पुढचं तिने तिसऱ्या भेटीत सांगितलं, आई बाहेर बसलेली असताना. झोपताना जुलाबाच्या गोळ्या, नाहीतर घरातलंच चूर्ण. पहाटे जॉगिंग ट्रॅक, पाय दुखले तरी. सोमवारी कडक उपास.

“खाल्लेलं फेडावं लागतं ना,” ती म्हणाली. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मला हा शब्द नेमका वाटला.

उलटी काढणं, जुलाबाची किंवा लघवीची औषधं घेणं म्हणजे पर्जिंग. अति व्यायाम आणि उपाशी राहणं ही त्याचीच भावंडं. टाइप 1 मधुमेहात वजन उतरावं म्हणून कुणी मुद्दाम इन्सुलिन चुकवतं, तेही फेडणंच, आणि जिवावर बेतणारं. आपल्याकडे पंचाईत अशी की पोट साफ ठेवणारी, पहाटे पळणारी, उपास करणारी मुलगी घरात कौतुकाची असते.

तिला मी आधी फिजिशियनकडे पाठवलं. उष्मांक बहुतेक लहान आतड्यातच शोषले जातात. जुलाबाने जातं ते मुख्यतः पाणी, आणि त्यासोबत पोटॅशियम. ते घसरलं की हृदयाची लय बिघडू शकते. तिचं घसरलेलंच होतं. ईसीजी झाला, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञही सोबत आले. एकट्या समुपदेशकाचं हे काम नव्हे.

डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्या थांबल्या आणि तिचे पाय सुजले, वजन चढलं. शरीर काही दिवस पाणी धरून ठेवतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. तिने घाबरून पुढची भेटच रद्द केली. दोनेक आठवड्यांत सूज ओसरली, तेव्हा परत आली.

“ती चूर्णाची बाटली मीच भरून ठेवायचे हो,” आई म्हणाली. दारावरचा पहारा सोडून जेवणानंतर तासभर तिच्याजवळ बसा, एवढंच मी सुचवलं. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही दिला.

परवा दोघी जेवण उरकून मेथी निवडत बसल्या होत्या. चूर्णाचा विषय आईने काढला नाही, लेकीनेच काढला.