मुरूड-जंजिरा बघायला होडीवरचा गाईड घ्यावा का? आणि गुडघेदुखी असलेल्या बाबांना नेता येईल का?

गाईड घ्याच, आणि बाबांनाही न्या, फक्त शनिवार-रविवार टाळता आला तर बघा.

आधी बाबांचं सांगतो. राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाच्या होड्या सुटतात, अंतर अगदी थोडं आहे आणि होडीत नुसतं बसायचं असतं, तिथे काही त्रास नाही. अवघड असतं ते किल्ल्याच्या दरवाजाशी उतरणं, कारण होडी लाटेवर वरखाली होत असते, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि नेमका मेळ साधून पाय टाकावा लागतो. होडीवाले हाताला धरून उतरवतात, ती माणसं समुद्रावरच वाढलेली आहेत, ते थांब म्हणाले की थांबायचं, टाक म्हणाले की टाकायचा. बाबांना सगळ्यात शेवटी उतरू द्या, मागून ढकलाढकली नको. चप्पल मागे पट्टा असलेली घाला, पाणी आणि टोपी बरोबर घ्या कारण वर ऊन जबरदस्त लागतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

आता गाईड. किल्ल्यावर साधारण पाऊण-एक तास मिळतो, मग होडीवाला हाका मारायला लागतो, तेवढ्या वेळात गाईडशिवाय तुम्ही दरवाजा आणि तोफांपाशी फोटो काढून परत याल. पैसे होडीत बसल्याबसल्याच ठरवून घ्या, सगळ्यांनी मिळून दिले तर कमी पडतात. गाईड सुरुवात होडीतच करतो, दरवाजा कुठे आहे ओळखा म्हणतो, आणि खरंच जवळ जाईपर्यंत दोन बुरुजांच्या मधला तो दरवाजा दिसत नाही. आत शिरताना भिंतीवर पंजात हत्ती पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचं शिल्प आहे ते नीट बघा, गर्दीत लोक तसेच पुढे जातात. मग कलाल बांगडी, चावरी, लांडा कासम ह्या तोफा, सुरुलखानाचा पडका वाडा, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, तिथे जरा थांबा, कारण एवढी वर्षं किल्ला वेढ्यात टिकला त्यात ह्या पाण्याचा मोठा हात आहे.

५७२ तोफा होत्या, समुद्राखालून राजपुरीपर्यंत भुयार होतं, हेही गाईड सांगतील. ऐकायला छान वाटतं पण ह्या सांगोवांगीच्या गोष्टी आहेत, मुलं बरोबर असतील तर त्यांना तेवढं सांगून ठेवा.

मला स्वतःला जे फार मनापासून वाटतं ते पुढचं आहे. बहुतेक गाईड "अजिंक्य जंजिरा, कोणालाच जिंकता आला नाही" एवढ्यावर गोष्ट संपवतात आणि ऐकणारे महाराजांना जमलं नाही असं समजून परत येतात. असं नाहीये. १६७० च्या सुमारास महाराजांनी, जंजिरा तेव्हा ज्याच्या ताब्यात होता त्या सिद्दी फत्तेखानाला इतकं जेरीला आणलं होतं की तो किल्ला देऊन टाकायला तयार झाला होता, पण त्याच्याच माणसांनी, सिद्दी संबूल, कासम आणि खैरियत ह्यांनी, त्याला कैद केलं आणि औरंगजेबाकडे मदत मागितली. तिथून पुढे सिद्दीच्या पाठीशी मुघलांचा पैसा आणि आरमार उभं राहिलं, म्हणजे झुंज एका बेटाशी राहिलीच नाही. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे चालून गेले तेव्हा लाय पाटील नावाच्या कोळी सरदाराने रात्री तटाला शिड्या लावल्या होत्या, मागून येणारी कुमक वेळेत पोचली नाही आणि पहाटेआधी परतावं लागलं, तरी महाराजांनी त्याचा मान केला असं सांगतात. १६८२ ला संभाजी महाराजांनी तर खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत रस्ता करायला घेतला होता, पण मुघल फौज कोकणात उतरली म्हणून त्यांना माघारी फिरावं लागलं. तटावर उभं राहून खालचं पाणी बघत हे ऐकलं की अंगावर काटा येतो, त्यामुळे गाईडला मुद्दाम विचारा, लाय पाटलाचं सांगा म्हणून. जे स्थानिक आहेत त्यांना माहीत असतं आणि विचारलं की ते खुलून बोलतात.

सिद्दींबद्दलही आदर ठेवून ऐका. आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी ह्या किनाऱ्यावर राज्य उभं केलं आणि ते १९४८ पर्यंत टिकवलं, ही लहान गोष्ट नाही. परत येताना वेळ असेल तर राजपुरीजवळ खोकरीला त्यांचे दगडी घुमट आहेत तेही बघा, बाबांना तिथे होडीचा त्रास नाही.

आणि वर तटावर गेलात की मुरूडच्या बाजूला समुद्रात दुसरा किल्ला दिसेल, तो पद्मदुर्ग, महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला. तिथल्या फौजेला रसद वेळेवर पोचली नाही म्हणून १६७५ मध्ये त्यांनी सुभेदार जिवाजी विनायकाला चांगलं खडसावून पत्र लिहिलं होतं, त्यात राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली आहे असे शब्द आहेत. तिथे दगड लाटांनी झिजलेत पण सांध्यातला चुना तसाच उभा आहे. होडी मिळायची शक्यता मुरूडकडून, समुद्र शांत असेल तर, पण तिथे चढउतार जास्त आहे, त्यामुळे आई-बाबांना बीचवर बसवून तुम्ही जाऊन या.