उत्तर : चार गावांचा पाऊस, एक तक्ता आणि माझी कोरी पानं

तुमची पोस्ट वाचली आणि बायकोला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "ही तुम्हीच लिहिलीय की काय?" कॉलेजचे चार मित्र, नाशिक, पर्थ, टोरांटो आणि मस्कत. दर रविवारी कॉलवर "आमच्याकडे किती, तुमच्याकडे किती" चालतं, मग हौसेने वर्षभराचा तक्ता केला आणि आता काहीच जुळत नाही. नाशिकचा पाऊस पेपरातल्या आकड्याच्या एक दिवस मागे चालतोय आणि रिकाम्या चौकटींचं काय करायचं ते समजत नाही, असं तुम्ही म्हणता. ती रिकामी चौकट वाचली आणि पोटात कालवलं. खरं तर तेवढ्याच एका गोष्टीसाठी हे लिहितोय, पण माझा स्वभाव पाहता लांबेल.

आधीच सांगतो, मी हवामानतज्ज्ञ नाही. बँकेतून निवृत्त झालेला, कोथरूडमध्ये राहणारा, पावसाचं वेड असलेला माणूस. आमचा गटही चौघांचाच. मी पुण्यात, एक मेलबर्नकर, एक मिनेसोटात, एक दुबईकर. पर्जन्यमापक उघड्यावर ठेवावं, झाडाखाली किंवा पत्र्याच्या कडेला नको, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

एक दिवस पुढेमागे होण्याचं कारण सोपं आहे. आपल्याकडे हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं आणि गेल्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेवर टाकतं. म्हणजे २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, पण सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ तारखेच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांचे आहेत. (त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७४ च्या आसपास. एका शहरात एवढा फरक, आणि आपण नाशिक आणि टोरांटोची तुलना करायला निघालोय. असो.) ऑस्ट्रेलियात सकाळी नऊची वेळ, तारखेचा नियम आपल्यासारखाच. तिथे एक गंमत आहे. नऊला वाचलेलं किमान तापमान आजच्या तारखेवर जातं, पण त्याच वेळी वाचलेलं कमाल तापमान कालच्या तारखेवर, कारण ते काल दुपारीच होऊन गेलेलं असतं. पर्थच्या मित्राला हे विचारून घ्या, नाहीतर त्याचा प्रत्येक उष्ण दिवस एक घर सरकलेला निघेल. तुम्ही बहुतेक रात्री पडलेला पाऊस "कालचा" म्हणून कालच्या चौकटीत टाकताय. घरगुती माणसाला तेच बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं.

आता माझी चूक.

२०१७ च्या जूनमध्ये मी वही सुरू केली. साडेआठला गच्चीवर जायचं, मोजपात्रात पाणी ओतायचं, आकडा लिहायचा. तारीख मात्र कालची. दोन पावसाळे असेच गेले. २०१९ मध्ये कधीतरी पेपरातला आकडा आणि माझा आकडा शेजारी ठेवून पाहिले, तुमच्यासारखंच लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी मोजणीची तारीख टाकायला लागलो. शहाणपणच केलं. फक्त कोणत्या दिवशी केलं ते लिहिलं नाही. समासात एक ओळ, "आजपासून तारीख बदलली", एवढीच लागत होती.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, शोधून काढा. कालच्या तारखेवरून आजच्या तारखेवर उडी मारली की मधली एक तारीख रिकामी राहते. १० तारखेच्या सकाळी मोजलेलं ९ वर गेलं, ११ च्या सकाळी मोजलेलं ११ वर, १० ची चौकट मोकळी. ती मोकळी चौकट सापडली की झालं. बरोबर आहे. पण मी पाऊस पडला नाही त्या दिवशी काहीच लिहीत नव्हतो! "काही नाही पडलं, मग लिहायचं काय?" त्या पावसाळ्यात माझ्या वहीत अशा कोऱ्या जागा डझनांनी आहेत. त्यातली कुठली कोरड्या दिवसाची, कुठली तारीखबदलाची, कुठली मी मुलीकडे नागपूरला गेलो होतो तेव्हाची, हे मला आज कुणी डोक्याला पिस्तूल लावून विचारलं तरी सांगता येणार नाही.

प्रयत्न केला. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या त्या संध्याकाळी मी लक्ष्मी रोडवर चिंब भिजलो होतो, ती सर वहीत त्याच तारखेवर आहे, म्हणजे तेव्हा जुनी पद्धत चालू होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, कात्रजपासून खाली हाहाकार झाला. तो पाऊस माझ्या वहीत २६ वर आहे, म्हणजे तोवर पद्धत बदलली होती. मधले जवळपास तीन महिने, म्हणजे पावसाळ्याचा गाभाच, अधांतरी. आणि मागच्या दोन वर्षांच्या तारखा एक घर पुढे सरकवून सुधारता येतात, पण त्यांतल्या कोऱ्या जागांचं काय? मी गावाला गेलो असेन तर भांड्यात चार दिवसांचा पाऊस साठून एकदम मोजला गेलाय, की शेजाऱ्याने ओतून टाकलाय?

हे एवढं लागलं कारण त्यावर पैज होती. मेलबर्नकराचं म्हणणं, पावसाचे दिवस त्याच्याकडे पुण्यापेक्षा जास्त. मला ते पटेना, आपला मान्सून म्हणजे मान्सून. वर्षाची बेरीज पाहिली तर मेलबर्नच्या जुन्या केंद्राची सरासरी ६५० मिलिमीटरच्या आसपास, पुण्याची सातशेच्या वर, म्हणजे फार अंतर नाही. पण त्याचा पाऊस बाराही महिने चिमूटचिमूट पडतो आणि आपला चार महिन्यांत ओंजळीने. दिवस मोजायला बसलो तेव्हा माझ्या वहीतून काही सिद्धच करता येईना. तो म्हणाला, "अरे, तुझ्या कोऱ्या पानांवर मी काय पैज हरू?" बरोबर बोलला. वर आणखी एक समजलं. आपल्याकडे २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस, आणि तो १ मिलिमीटरची रेघ धरून मोजत होता. पैज लावण्याआधी रेघ ठरवा, एवढं तरी माझ्यावरून शिका.

आणि सोसायटीचं कार्यालय. याबद्दल लिहू नको असं घरून बजावलंय, तरी लिहितो. गच्चीवर मापक ठेवायला तोंडी परवानगी होती. मग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं, आणि कार्यालयातल्या गृहस्थांनी मला न विचारता ते उचलून "सुरक्षित जागी" ठेवलं. ती सुरक्षित जागा म्हणजे पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली. जानेवारीत, निरभ्र आकाशात, माझ्या मापकात ६१ मिलिमीटर! मी ग्रुपवर टाकलं, मिनेसोटावाल्याने विचारलं, "पुण्यात चक्रीवादळ आलंय का रे?" तक्रार करायला गेलो तर "लेखी द्या". लेखी दिलं तर "कमिटीपुढे ठेवू". कमिटीत कुणीतरी विचारलं, हे यंत्र सोसायटीच्या कोणत्या नियमात बसतं. एकोणीस दिवस गेले, आणि तेही माझ्या वहीत कोरेच आहेत, कारण मी रागात होतो. रागात असलात तरी वहीत "मापक जागेवर नाही" असं लिहा. आता मी ते खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बागेत ठेवतो. त्या मोगऱ्याला पाणी घालतानाही हात राखून घालतात.

आमच्यातला दुबईकर याच्या नेमका उलट. वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस नसणाऱ्या गावात राहून तो रोज सकाळी आठला बाल्कनीबाहेरच्या मापकात डोकावायचा आणि ० लिहायचा. रोज. महिना-महिना नुसती शून्यं. आम्ही त्याला इतकं हसलोय! "शून्यांचा शेठ" म्हणायचो. मग १६ एप्रिल २०२४ ला तिथे जो पाऊस झाला तो तुम्हाला आठवत असेल, विमानतळावर पाणी, अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटर. त्याचं मापक १०० चं, ते भरून वाहिलं. त्याने काय लिहिलं? "१०० पेक्षा जास्त, भरून वाहिलं." अंदाजाने १४० वगैरे ठोकलं नाही. आज आमच्या चौघांत त्याची एकट्याची नोंद अशी आहे की कुठल्याही तारखेवर बोट ठेवा, काय झालं ते सांगता येतं.

म्हणून तुमच्या चौकटींत कायम चारपैकी एक काहीतरी असू द्या : आकडा, शून्य, "शिंतोडे" (भांडं ओलं झालं पण मोजता येत नाही), किंवा "मोजलं नाही" आणि त्याचं कारण. कोरं काही नको. गावाहून आल्यावर साठलेलं मोजलंत तर "चार दिवसांचा मिळून" असं लिहा, चार दिवसांत वाटून टाकू नका. आणि सगळ्यांनी मोजणीची तारीखच टाका. एकाच क्षणी मोजायची गरज नाही, ज्याने त्याने आपापल्या सकाळी मोजावं. मस्कतचे आठ म्हणजे आपले साडेनऊ, पर्थचे नऊ म्हणजे आपले साडेसहा. तिथे घड्याळ पुढेमागे करत नाहीत, ते सोपं. टोरांटोत करतात. त्याचे सकाळचे सात उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच, त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तुमचा रविवारचा कॉल हमखास चुकेल. आमचा दर वर्षी चुकतो.

टोरांटोच्या बर्फाचं विसरू नका. आमचा मिनेसोटावाला थंडीत मापकाचं वरचं नरसाळं आणि आतली नळी काढून ठेवतो, बर्फ मोठ्या भांड्यात पडू देतो, मग मोजून घेतलेलं कोमट पाणी घालून ते वितळवतो आणि घातलेलं पाणी वजा करतो. तोच त्याचा "पाऊस". पहिल्या वर्षी त्याने बर्फाची उंचीच मिलिमीटरमध्ये लिहिली होती आणि आम्हाला वाटलं त्याने चेरापुंजीला मागे टाकलं.

काही माझी वैयक्तिक मतं, पटली तर घ्या. मोबाइलवरचा आकडा तक्त्यात घेऊ नका. बहुतेक वेळा तो गणिताने काढलेला असतो, तुमच्या अंगणात कुणी मोजलेला नसतो. "जाणवणारं तापमान" तर अजिबात नको, प्रत्येक देशाचं गणित वेगळं, एकात वारा धरतात, दुसऱ्यात धरत नाहीत. मस्कतच्या आणि नाशिकच्या उकाड्याची तुलना करायचीच असेल तर दवबिंदू घ्या, हवेत ओलावा किती आहे ते तो सांगतो, आणि त्यावरून घाम कितपत वाळेल याचा अंदाज येतो. मापकाचं मोजपात्र फुटलं तर बाजारातून कुठलंही आणू नका. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर १ मिलिमीटर म्हणजे २० मिलिलिटर, १०० असेल तर १०. चुकीचं पात्र म्हणजे दुप्पट पाऊस. आणि कबुतरं. त्यांच्यावर माझ्याकडे उपाय नाही.

ऋतूंच्या नावांवरून भांडू नका, ते भांडण संपत नाही. मेलबर्नकर १ सप्टेंबरला "वसंत आला रे" म्हणून मेसेज टाकतो, त्यांच्याकडे ऋतू महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो. आम्ही इकडे गणपतीच्या गडबडीत, भाद्रपदात भिजलेले. संक्रांतीला आम्ही तीळगूळ खातो तेव्हा तो चाळिशीच्या उन्हात असतो, आणि संध्याकाळी दक्षिणेचा गार वारा सुटला की तासाभरात पारा पंधरा-वीस अंशांनी खाली येतो. त्याला हे ग्रुपवर सांगायला फार आवडतं. तुमच्या गटाची गंमत वेगळी आहे. पर्थला बराचसा पाऊस हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये पडतो. नाशिक आणि पर्थ एकाच महिन्यांत भिजणार, एक उकाड्यानंतर आणि एक थंडीत. आणि मस्कतच्या मित्राला सलालाच्या खरीफबद्दल विचारा. मस्कत कोरडं असताना ओमानच्या दक्षिणेला याच महिन्यांत धुकं आणि भुरभुर असते, डोंगर हिरवे होतात. आपला खरीप तोच शब्द. अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू, आपल्याकडे त्यात बाजरी पेरतात.

राहिला तुमचा आत्तापर्यंतचा वर्षभराचा तक्ता. फेकू नका. नाशिकच्या सगळ्या तारखा एक घर पुढे सरकवा, आणि ज्या दिवशी सरकवाल त्या दिवसाची तारीख तक्त्याच्या वर लिहा. कोऱ्या चौकटींपैकी ज्यांची खात्री आहे तिथेच शून्य टाका, बाकीच्या "माहीत नाही". हे काम याच आठवड्यात करा, सहा महिन्यांनी आठवणार नाही. टोरांटोवाला नक्की किती वाजता आणि कुठल्या तारखेवर लिहितो ते तुमच्या पोस्टमध्ये नाही, ते विचारून इथे टाका, मग त्याच्या रकान्याचं बघू.