मालिकेने पुस्तक बिघडवले, तर रागवायचे कोणावर?

प्रश्न : मी देसाईगंज तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. नागपूरला गेलो की सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधून, एकेक करत मी ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्भुतरम्य कादंबरीमालेचे चौदाही खंड जमवले आणि धानाचा हंगाम सोडून उरलेल्या वेळात, चार वर्षांत, वाचून काढले. त्यावरची मालिका आली तेव्हा भाच्याला घेऊन पाहायला बसलो. आमच्याकडे नेट पाराजवळच नीट मिळते, म्हणून तिथेच, मोबाइलवर. पहिल्याच भागात पेरिन या लोहारकाम करणाऱ्या तरुणाला चक्क बायको दाखवली आणि लढाईच्या धांदलीत त्याच्याच कुऱ्हाडीने तिचा जीव गेला. पुस्तकाच्या सुरुवातीला तर त्याचे लग्नच झालेले नाही! मी इतक्यांदा “हे पुस्तकात नाही” म्हणालो की शेवटी भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही पाहू त द्या न!” माझा राग रास्त आहे का? आणि लेखकाने लिहिलेले असे बदलण्याचा अधिकार यांना दिला कोणी?

उत्तर : गुरुजी, राग रास्त आहे, पण तो सगळ्याच बदलांवर सारखा काढू नका. चौदा जाडजूड खंडांची ही गोष्ट २०२१ ते २०२५ या काळात तीन सत्रांत, म्हणजे अवघ्या चोवीस भागांत, जेवढी बसली तेवढी बसवली गेली आणि मग मालिकाच बंद झाली. एवढ्या जागेत पात्रे गळणार, दोन प्रवासांचा एक प्रवास होणार, हे धरूनच चालावे लागते. गाळणे ही बेइमानी नव्हे. पुस्तकातल्या जगाचा नियम मोडणे किंवा माणूस जे करतो त्यामागचे कारणच बदलणे, ही खरी बेइमानी, आणि वाचकाला जे बोचते ते बहुधा तिथेच असते.

पेरिनचेच पाहा. पुस्तकातला पेरिन अंगापिंडाने थोराड आहे, आपल्या हातून कुणाला इजा होईल म्हणून तो लहानपणापासून जपून वागतो, आणि हातात कुऱ्हाड ठेवावी की हातोडा, हा त्याचा झगडा खंडामागून खंड चालतो. हे सारे त्याच्या मनात चालते आणि मन काही कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून मालिकेच्या लेखकांनी त्याच्यापुढे एक प्रेत आणून ठेवले, म्हणजे झगड्याला दिसणारे कारण मिळाले. त्यांची अडचण मला कळते. उपाय मात्र पटत नाही. पुस्तकात त्याला भीती आहे ती आपल्या हातून काय घडू शकेल याची, मालिकेत पश्चात्ताप आहे तो घडून गेलेल्या गोष्टीचा, आणि भीती नि पश्चात्ताप ही दोन वेगळी माणसे घडवतात. शिवाय नवऱ्याला दुःख मिळावे एवढ्यासाठी एक बाई जन्माला घालून तासाभरात मारायची, ही युक्ती फार स्वस्तातली आहे. तेव्हा या एका ठिकाणी मी तुमच्या बाजूचा.

याहून वाईट उदाहरण जुने आहे. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या १९६८च्या कादंबरीत प्रत्येक माणसाला दोन नावे असतात. एक चारचौघांत हाक मारायचे आणि एक खरे, गुप्त. ज्याला तुमचे खरे नाव कळले त्याची तुमच्यावर सत्ता चालते, म्हणून ते अगदी जिवाभावाच्या माणसालाच सांगायचे. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते ते पाहिलेल्या आपल्या वाचकाला यातले गांभीर्य समजावून द्यावे लागत नाही. नायकाचे खरे नाव गेड आणि लोकांतले नाव ससाणा. २००४ साली यावर अमेरिकेत छोटी मालिका निघाली, तीत ही दोन नावे उलटीपालटी केली आणि त्याला सगळ्यांसमोर खुशाल गेड म्हणून हाका मारल्या! ज्या खांबावर ते जग उभे आहे तोच उपटला. पुस्तकातला गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा, त्या बेटांवरचे बहुतेक लोक सावळे. मालिकेत नायक गोरा झाला. लेखिकेने हे वर्ण विचारपूर्वक दिले होते. आपल्याला नावापुरते सल्लागार ठेवून प्रत्यक्षात बाजूला ठेवले, अशी तक्रार त्यांनी त्याच वर्षी जाहीर लेख लिहून केली.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वर रागावणारे वाचकही मला लिहितात, पण तिथला मामला निराळा आहे. ही मालिका ज्या कादंबरीमालेवर बेतली तिचे पाचवे पुस्तक २०११मध्ये आले आणि त्याच वर्षी मालिका सुरू झाली. २०१९मध्ये मालिका संपली तरी सहाव्याचा पत्ता नव्हता. जे पुस्तक लिहिलेच गेले नाही त्याच्याशी इमान कसे राखायचे?

तुम्ही तर झाडीपट्टीचे. नाटकात मध्येच लावणी घुसवली म्हणून आपला प्रेक्षक उठून जात नाही, हे तुम्ही मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री पाहिलेच असेल. मी एकदा असेच नाटक पाहायला बसलो होतो. भावाच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही अशी आण घेतलेला नट शेवटच्या अंकात काही कारण न सांगता सरळ घरात शिरला. पहाटेचे तीन वाजले असतील. मागून घोंगडीतून एका म्हातारीचा आवाज आला, “अगा, तू त शपथ घेतली होती न!” सारा मंडप हसला आणि तो नट खरोखरच दोन पावले मागे सरकला. तिने गाण्यांबद्दल रात्रभर चकार शब्द काढला नव्हता.

आता अधिकाराचे. हक्क लेखक विकतो किंवा त्याचे वारस विकतात, आणि करारात लिहिले असेल तेवढेच लेखकाच्या हाती उरते. आपल्याकडे मात्र १९५७च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५७ लेखकाच्या पाठीशी उभे राहते. हक्क विकले तरी, आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कलाकृतीची मोडतोड झाल्यास तो दाद मागू शकतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरच्या चित्रपटाबाबत अशीच दाद मागितली होती, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६मध्ये माध्यमासाठी लागणारे बदल लेखकाने सोसावेत, पण कृतीचे विद्रूपीकरण सोसण्याचे कारण नाही, अशी भूमिका घेतली. वाचकाला यातला कोणताही हक्क नाही, गुरुजी. तुमच्याकडे चौदा खंड आहेत, ते भाच्याच्या हाती द्या, आणि तो पाहत असेल तेव्हा मात्र गप्प बसा.

प्रश्न : माझी तक्रार उलटी आहे. लहानपणी दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ पाहण्यासाठी रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या घरी जागा धरून बसायचो. आता आमच्या गावच्या वाचनालयात मूळ कादंबरी मिळाली, पण तीत तो “यक्कू” म्हणणारा क्रूरसिंह काही सापडत नाही. फसवल्यासारखे वाटले. (एक वाचक, आर्वी तालुका)

उत्तर : तो क्रूरसिंह अखिलेंद्र मिश्रा यांचा, तो १९९४च्या मालिकेत वाढला, देवकीनंदन खत्रींच्या १८८८च्या कादंबरीत तो एवढा मोठा नाही. तिथे शोधायचे ते ऐयार, म्हणजे वेश पालटून हेरगिरी करणारे. बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा, वेश पालटायचे साहित्य, असे सगळे त्यांच्या बटव्यात असते, आणि तिलिस्मातले, म्हणजे खजिना राखणाऱ्या गूढ भुलभुलैयातले, दरवाजे मंत्राने नव्हे तर कळ फिरवून उघडतात. तेजसिंह हा ऐयार बटव्यात हात घालतो तिथून पुन्हा वाचायला घ्या.