आजोबांची खरी गोष्ट कोणती धरायची?

प्रश्न : आमचे आजोबा जाऊन आठ महिने झाले. साऱ्या कुटुंबाचा आधार असलेल्या या माणसाच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका नातवंडांसाठी लिहावी, असे मी ठरवले. परंतु पहिल्याच प्रकरणात अडले आहे. आजोबांनी ऐन तरुणपणी चांगली नोकरी सोडली. वरिष्ठांशी खटका उडाला म्हणून, असे बाबा सांगतात. धाकट्या भावाच्या आजारपणात घरी बघणारे कोणी नव्हते म्हणून, असे आत्या सांगते. दोघेही ठाम आहेत. ते धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलत आजोबा, आज ८१ वर्षांचे आहेत; त्यांना कमी ऐकू येते, म्हणून या वादात त्यांना ओढलेले नाही. मी काय लिहू? – एक वाचक

उत्तर : दोन्ही लिहा, आणि कोणते कोणी सांगितले तेही लिहा. बाबा किंवा आत्या यांपैकी कोणी खोटे बोलत आहे, असे मनात मुळीच आणू नका. आपण एखादी आठवण सांगतो, तेव्हा ती दर वेळी थोडीफार नव्याने रचत असतो. १९९५ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या संशोधकांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग लिहून दिले. तीन घरच्यांनी सांगितलेले खरे, आणि लहान असताना बाजारसंकुलात हरवल्याचा चौथा, रचलेला. न घडलेला तो प्रसंगही जवळजवळ चौथा हिस्सा लोकांना पूर्णपणे वा अंशतः ‘आठवला’. घरच्यांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडल्यासारखी वाटू लागते, ती अशी. शिवाय नोकरी सोडण्यासारखा निर्णय एकाच कारणाने होतो असेही नाही. वडिलांचा स्वाभिमान मुलाच्या लक्षात राहिला आणि त्यांची माया मुलीच्या, तर ती दोन्ही रूपे त्यांचीच होती.

मला खरी काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. वाद मिटवण्यासाठी सर्वांना पटेल असा गुळगुळीत मजकूर तयार केला जातो आणि त्यातून माणूसच निसटतो. ‘ते प्रेमळ, कष्टाळू आणि शिस्तप्रिय होते’ हे वाक्य कोणाच्याही आजोबांना लागू पडते. माझ्या आजोबांच्या चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. ‘आजोबांविषयी काहीतरी सांगा’ असे म्हटले की काकू दोन वाक्यांत आटोपत. तो चष्मा हातात दिला, तेव्हा मात्र त्या दोऱ्यावरून अंगठा फिरवत पाऊण तास बोलत राहिल्या आणि त्यांच्या रागीटपणाविषयी, जो आम्ही कधी पाहिलाच नव्हता, पहिल्यांदा मोकळेपणाने बोलल्या. तेव्हा प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नका; वापरातली एखादी वस्तू किंवा जुने छायाचित्र घेऊन जा. (छायाचित्रांमागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा, शाई पुढच्या बाजूला उमटू शकते.) बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि त्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

आता तुमच्या पत्रातल्या, जाता जाता लिहिलेल्या, त्या वाक्याकडे येतो. ज्यांच्या आजारपणाविषयी वाद आहे ते स्वतः हयात आहेत आणि त्यांनाच कोणी विचारलेले नाही! उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक येतात, असे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसले आहे, आणि तो प्रसंग त्यांच्या नेमक्या त्याच वयातला असणार. पुस्तिका थांबू द्या, आधी त्यांच्याकडे जा. ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला बसा, प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवा आणि बाबांचे किंवा आत्यांचे म्हणणे त्यांना आधी सांगू नका. ‘दादांनी नोकरी सोडली, तेव्हा तुम्ही कुठे होता?’ एवढेच विचारा, आणि ते गप्प राहिले तरी घाईने पुढचा प्रश्न लिहू नका.