वाचक विचारतात : लहान मुलांसोबत प्रायश्चित्तकाळ आणि ईस्टर

राखेच्या बुधवारापासून (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) पेन्टेकॉस्टपर्यंतचा (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, ईस्टर धरून पन्नासावा दिवस) काळ घरातल्या लहान मुलांबरोबर कसा पाळावा, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

आमची मुलगी सहा वर्षांची आहे. मोठ्यांचं बघून तिलाही उपवास करायचा आहे. करू द्यावा का?

जेवण सोडू देऊ नका. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार मांसवर्ज्याचं बंधन 14 वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं आणि उपवासाचं 18 वर्षं पूर्ण झाल्यावर. उपवासाचं बंधन साठाव्या वर्षात पाऊल ठेवलं की संपतं. तेव्हा सहा वर्षांच्या मुलीवर यातलं काहीच बंधनकारक नाही. मात्र वयात न बसणाऱ्या मुलांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवावा, अशी जबाबदारी तोच कायदा आईवडिलांवर टाकतो. म्हणून तिच्या इच्छेला नुसतं ‘नाही’ म्हणून वाटेला लावू नका.

तिला झेपेल असा त्याग तिलाच निवडू द्या. मधल्या वेळचा गोड खाऊ, आवडतं कार्टून, झोपायच्या आधीचा मोबाइल, यांपैकी एकच. त्या त्यागाचा दुसऱ्याला उपयोग झाला पाहिजे, ही आमची ठाम सूचना आहे. खाऊ सोडला तर त्याचे पैसे डब्यात पडावेत आणि तो डबा कुणासाठी आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही तिन्ही मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एकत्र येतात ती उगाच नाही. दानाशिवायचा त्याग मुलांना शिक्षा वाटू लागतो. एखाद्या दिवशी नियम मोडला तर रागावू नका, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करा.

राखेच्या बुधवारापासून मोजले तर 46 दिवस भरतात, मग चाळीस कसे? शिवाय घरी केलेला तक्ता दुसऱ्याच आठवड्यात मागे पडतो.

राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, 46 दिवस होतात. त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. मुलानं स्वतः निवडलेला त्याग रविवारीही पाळायचा की नाही याबद्दल चर्चचा नियम नाही, पण लहान मुलांना सुट्टी द्यावी असं आम्ही सुचवू. आठवड्याला एक मोकळा दिवस दिसत असला की बाकीचे सहा निभतात.

तक्ता मागे पडतो त्याची कारणं बहुतेक घरांत दोनच असतात. एक, तो मोठ्यांच्या उंचीवर टांगलेला असतो. दुसरं, रोज नवं काम लिहिलेलं असतं आणि चौथ्या दिवसापर्यंत आईबाबाच थकतात. कागदाच्या लांब पट्टीवर वळणावळणाची वाट काढा. साधारण तीन सेंटिमीटरचे चाळीस जांभळे चौकोन, मध्ये मध्ये रविवारचे सहा आणि शेवटी ईस्टरचा मोठा पांढरा चौकोन. पट्टी मुलाच्या छातीच्या उंचीवर, जेवायच्या जागेजवळ लावा. काम आठवड्याला एकच ठेवा: एक आठवडा जेवणाआधीची प्रार्थना मुलानं सांगायची, पुढच्या आठवड्यात रोज एका आजारी माणसाचं नाव घ्यायचं. चौथा रविवार गुलाबी रंगवा, कारण त्या दिवशी फादरांचा झगाही गुलाबी असू शकतो. मुलांची नजर तो लगेच टिपते.

तारखा कॅलेंडरवर बघूनच लिहा, गेल्या वर्षीचा तक्ता उतरवू नका. 2027 साली राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला आहे. त्या वर्षी 25 मार्चला पवित्र गुरुवार येत असल्यामुळे एरवी त्याच तारखेला येणारा देवदूताच्या निरोपाचा सण (येशूच्या जन्माची बातमी मरियामातेला मिळाली तो दिवस) 5 एप्रिलला सरकतो.

मिठाच्या कणकेचा काटेरी मुकुट केला. भाजताना तडकला आणि टूथपिक आत घट्ट बसल्या, निघेचनात. काय चुकलं?

या मुकुटाचा हेतूच असा असतो की मुलानं चांगलं काम केलं की एक काटा काढायचा. काटे निघत नसतील तर सगळंच फसतं.

प्रमाण असं: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका. लागलंच तर आणखी चमचा-चमचा घाला, पण एकूण एक वाटीच्या वर जाऊ नका. जाडं मीठ नीट विरघळत नाही आणि खड्यांपाशी भेगा पडतात. आठ-दहा मिनिटं चांगलं मळा, वीस मिनिटं झाकून ठेवा. मग साठ सेंटिमीटर लांबीच्या, बोटाएवढ्या जाड तीन वळ्या करा, त्यांची वेणी घाला आणि टोकं पाण्याच्या बोटानं जोडून गोल करा. उरलेला गोळा ओल्या फडक्यात ठेवा, भेगा बुजवायला लागतो.

आता काट्यांचं. चाळीस टूथपिक ओल्या कणकेत वेगवेगळ्या दिशांनी अर्ध्याअधिक खोल खुपसा, प्रत्येक टूथपिक जागच्या जागी दोन-तीनदा फिरवा आणि भाजण्याआधी सगळ्या बाहेर काढा. फिरवल्यामुळे भोक किंचित मोठं होतं. आत ठेवूनच भाजलं तर कणीक सुकताना आक्रसते आणि लाकडाला आवळून धरते, तुमच्याकडे तेच झालं असणार. मुकुट गार झाला की टूथपिक पुन्हा खोचा. एखादं भोक आवळलंच असेल तर सुईनं मोकळं करा.

ओव्हन 120 अंशांवर ठेवा, जास्त नको. तीन तास लागतात, दीड तासानं उलटायचं, शेवटी ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचं. आच जास्त झाली की वरचा थर झटकन सुकतो, आतला ओला राहतो आणि आतल्या वाफेनं वरचा थर फाटतो. ओव्हन नसेल तर हवेशीर जागी चार-पाच दिवस वाळवा, रोज उलटा. दमट हवेत मीठ ओलावा ओढून घेतं आणि मुकुट मऊ पडतो. तसं झालं तर अर्धा तास मंद ओव्हनमध्ये ठेवा.

दोन गोष्टींत तडजोड नको. प्रत्येक टूथपिकचं बाहेरचं टोक कात्रीनं बोथट करा आणि मुकुट तान्ह्या भावंडाच्या किंवा घरातल्या कुत्र्याच्या तोंडी लागेल अशा जागी ठेवू नका. या कणकेत मीठ इतकं असतं की ती पोटात गेल्यास घातक ठरू शकते. दुसरी गोष्ट मनाची. मुलानं खोडी केली म्हणून काढलेला काटा परत खोचू नका. ‘तुझ्यामुळे येशूला टोचलं’ हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाच्या मनात फार खोल जातं.

मुलं तीन आणि पाच वर्षांची आहेत. क्रूसाची वाट घरी कशी करावी? मोठा विचारतो, ‘येशूला कुणी मारलं?’ काय उत्तर द्यावं?

क्रूसाच्या वाटेची (येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या प्रसंगांपाशी थांबून केलेल्या प्रार्थनेची) चौदाच्या चौदा स्थानं या वयात करू नका. दहा मिनिटं पुरेत. चौथं (आईची भेट), पाचवं (कुरेनेचा शिमोन क्रूस उचलायला लागतो), सहावं (वेरोनिका तोंड पुसते), बारावं (येशूचं मरण) आणि चौदावं (कबरेत ठेवणं) अशी पाच घ्या. पहिल्या तिन्हींमध्ये कुणीतरी येशूजवळ थांबतं, त्याला हात देतं. मुलांना ते कळतं आणि करूनही बघता येतं: धाकट्याच्या हाती रुमाल द्या, मोठ्याला दोन काठ्यांचा क्रूस उचलायला मदत करू द्या. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य वाचा आणि एक प्रार्थना म्हणा. मेणबत्त्या ठेवणार असाल तर वाळू भरलेल्या ताटलीत पाच ठेवा आणि प्रत्येक स्थानानंतर एक विझवा. विझवायचं काम मुलांचं, पेटवायचं तुमचं.

खिळे, रक्त, फटके यांचं वर्णन टाळा. मात्र मरण लपवू नका. ‘येशू झोपला’ असं सांगितलं तर काही मुलं रात्री झोपायला घाबरतात आणि पुनरुत्थान म्हणजे नुसती जाग येणं असा समज होतो. ‘येशू खरोखर मरण पावला, त्याला कबरेत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला. आता तो कधीच मरणार नाही,’ एवढं सगळं एकाच बैठकीत सांगा. लहान मुलाला शुक्रवारची गोष्ट रविवारपर्यंत अर्धवट ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठी माणसं तीन दिवस थांबू शकतात कारण शेवट त्यांना माहीत असतो.

‘कुणी मारलं’ याचं उत्तर: रोमन सुभेदार पंतय पिलातानं हुकूम दिला आणि त्याच्या शिपायांनी क्रूसावर खिळलं. काही पुढाऱ्यांना येशू नको होता, मित्र घाबरून पळाले. ‘यहुद्यांनी मारलं’ असं मुळीच सांगू नका. येशू, मरियामाता आणि प्रेषित स्वतः यहुदीच होते आणि त्या मरणाचा दोष सगळ्या यहुदी लोकांवर टाकता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केलं. मुलानं विचारलं, ‘मग येशू पळून का नाही गेला?’ तर सांगा, ‘आपल्यावर प्रेम होतं म्हणून थांबला.’ या वयाला तेवढं पुरतं.

पुनरुत्थानाच्या बागेतला (परातीत गहू पेरून केलेल्या येशूच्या कबरेच्या देखाव्यातला) गहू ईस्टरला पिवळा पडून आडवा झाला होता.

फार लवकर पेरलात. गहू आठ ते बारा तास भिजवून पेरला की दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि आठ-दहा दिवसांत तळहाताएवढी हिरवळ होते. म्हणून झावळ्यांच्या रविवाराच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आधीच्या गुरुवारी पेरा, बरोबर दहा दिवस मिळतात. कोंब येईपर्यंत सावली आणि नंतर भरपूर उजेड. उजेड कमी पडला की पाती लांबतात आणि लोळतात. उथळ परातीला खाली भोक नसेल तर तळाशी खडीचा थर द्या आणि पाणी ओतण्याऐवजी फवारा, नाहीतर दाण्यांवर बुरशी धरते. वाढ जास्त झालीच तर कात्रीनं निम्मी छाटा, पुन्हा फुटते.

कबरेसाठी छोटं मडकं पेरण्याआधीच आडवं गाडून घ्या. तोंडावर ठेवायचा दगड मडक्याच्या तोंडापेक्षा मोठा असावा. शुक्रवारी पांढऱ्या कापडाची गुंडाळी आत ठेवून मुलानं दगड लावायचा. शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर दगड बाजूला सारा आणि आत फक्त घडी घातलेलं कापड ठेवा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात शिष्यांना रिकाम्या कबरेत तागाची वस्त्रंच दिसतात. मुलांना ते वाचून दाखवा आणि मग बागेकडे जाऊ द्या.

मुलांना शनिवारच्या रात्रीच्या जागरण विधीला न्यावं की रविवारी सकाळच्या मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला)?

दोन्हींपैकी एक पुरतं, दोन्ही ईस्टरच्याच मिस्सा आहेत. साधारण सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना रात्री न्या. अंधारात पेटवलेला अग्नी, पास्काच्या (ईस्टरच्या मोठ्या) मेणबत्तीवरून एकेक करून पेटणाऱ्या शेकडो ज्योती आणि प्रायश्चित्तकाळात न म्हटलेलं आणि इतक्या आठवड्यांनी परत आलेलं ‘आलेलुया’ हे स्तुतीचं गीत, हे घरी दाखवता येत नाही. दुपारी दोन तास झोपवा आणि निघण्यापूर्वी जेवू घाला. जुन्या करारातली सातही वाचनं घेतली तर विधी लांबतो, फादरांना आधी विचारून ठेवा. चारच्या आतल्या मुलांना रविवारी सकाळीच न्या.

मेणबत्ती पेटवताना न पेटलेली तिरकी करायची, पेटलेली सरळच धरायची, हे घरी एकदा करून दाखवा. लांब केस बांधलेले हवेत. कपड्यावर मेण सांडलं तर कडक होऊ द्या, खरवडा, मग खाली-वर टिपकागद घालून कोमट इस्त्री फिरवा आणि कागद बदलत राहा.

अंड्यांना रंग डागाडागांचा बसतो.

हाताचं तेल कवचाला लागलं की तिथे रंग धरत नाही. अंडी दहा-बारा मिनिटं उकडून गार झाल्यावर व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा. एक कप गरम पाणी, एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर आणि खाण्याच्या रंगाचे वीसेक थेंब, या पाण्यात पाच मिनिटं पुरेत. कवच चुनखडीचं असतं, त्यामुळे व्हिनेगर वाढवलं तर बुडबुडे येऊन ते खरबरीत होतं. खायची असतील तर दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. लपवण्यापूर्वी मोजून ठेवा. पूर्वी प्रायश्चित्तकाळात अंडीही वर्ज्य असत. ती साठत जात आणि ईस्टरला फोडली जात, हेही मुलांना सांगता येईल.

गेल्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्यांचं काय करायचं?

कचऱ्यात टाकू नका. राखेच्या बुधवारापूर्वी चर्चमध्ये नेऊन द्या, कपाळावर लावायची राख त्यांचीच होते. ते जमत नसेल तर घरी जाळून राख मातीत मिसळा.

ईस्टर सोमवारपासून घरात सगळं थंडावतं. पुढे काय करावं?

प्रायश्चित्तकाळाला चाळीस दिवस दिले तर ईस्टरला पन्नास द्यायला हवेत, कारण तो सणच पन्नास दिवसांचा आहे. पहिले आठ दिवस तर चर्च प्रत्येक दिवस मोठ्या सणासारखा पाळतं. जांभळा तक्ता शनिवारी रात्रीच उतरवा आणि त्याच जागी पन्नास पिवळ्या चौकोनांची वाट लावा. नवं काम शोधू नका. रात्रीच्या जेवणाला एक पांढरी मेणबत्ती लावा आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेला ‘आलेलुया’ जोडा. एवढं रोज होऊ शकतं.

रविवारच्या शुभवर्तमानाची तयारी शनिवारी करा. ईस्टरनंतरच्या रविवारी दर वर्षी थोमाची (स्वतः पाहिल्याशिवाय पुनरुत्थानावर विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याची) गोष्ट असते, तोच दैवी दयेचा रविवारही आहे. ईस्टरच्या रविवारपासून मोजलं तर चौथ्या रविवारी उत्तम मेंढपाळाची गोष्ट असते. दोन्ही मुलांना अभिनय करून दाखवता येतात. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून पेन्टेकॉस्टपर्यंत नऊ दिवस पवित्र आत्म्याची छोटी प्रार्थना म्हणा. तक्त्याचा पन्नासावा चौकोन लाल रंगवा आणि त्या रविवारी मुलांना मिस्सेला लाल कपडे घाला. 2027 मध्ये हा दिवस 16 मे रोजी आहे.